दोलोरेसची हाळी: मेक्सिको आपला विजयदिन का साजरा करत नाही?

आजचा विषय एक सण आहे, आणि तो आपण एखादा ग्रंथ वाचावा तसा वाचणार आहोत. ग्रंथ वाचताना आपण पाहतो की यात काय लिहिलंय, काय गाळलंय, आणि गाळणारा कोण. राष्ट्रीय सणाचंही तसंच आहे. आपला ग्रंथ आहे मेक्सिकोचा १६ सप्टेंबर.

आधी दृश्य डोळ्यांसमोर आणू. १५ सप्टेंबरची रात्र, अकराचा सुमार. मेक्सिको शहरातला मुख्य चौक, ज्याला तिथे सोकालो म्हणतात, माणसांनी फुलून गेलेला असतो. राष्ट्रीय प्रासादाच्या सज्जात देशाचे अध्यक्ष येतात. हातात झेंडा, डोक्यावर टांगलेली एक जुनी घंटा. ते एकेका वीराचं नाव घेतात, आणि खालून प्रत्येक नावाला उत्तर येतं, ‘विवा!’ म्हणजे ‘अमर राहो’. मग घंटा, मग राष्ट्रगीत, मग आतषबाजी. त्याच रात्री गावोगावच्या नगरपालिकांच्या सज्जांतून नगराध्यक्ष हेच करतात, आणि परदेशातल्या वकिलातींमध्येही हेच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लष्करी संचलन. या रात्रीच्या पुकाऱ्याला ‘ग्रितो’ म्हणतात. ग्रितो म्हणजे आरोळी. आम्हांला त्यासाठी ‘हाळी’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो, कारण यात नुसतं ओरडणं नाही, लोकांना बोलावणं आहे.

एक गैरसमज इथेच दूर करू. पाच मे हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन, असं पुष्कळांना वाटतं. अमेरिकेतल्या जाहिरातींचा तो प्रताप. पाच मेला १८६२ साली पुएब्ला शहराजवळ मेक्सिकोच्या फौजेने फ्रेंचांना हरवलं. तो पुएब्लाचा अभिमानाचा दिवस आहे, स्वातंत्र्याचा नव्हे.

पण मग १६ सप्टेंबरला तरी स्वातंत्र्य मिळालं का? तर नाही. त्या दिवशी एक उठाव सुरू झाला. उठाव करणारा वर्षाच्या आत पकडला गेला आणि गोळ्या घालून मारला गेला. स्वातंत्र्य मिळालं अकरा वर्षांनी, २७ सप्टेंबर १८२१ ला, दुसऱ्याच माणसाच्या हातून. तो दिवस आज कॅलेंडरवर सुट्टीचा नाही. म्हणजे या देशाने कळसाचा दिवस सोडला आणि पायाभरणीचा धरला, आणि तीही अशी पायाभरणी की जिच्यावरचं पहिलं बांधकाम कोसळलं. हे का झालं, आणि त्यातून त्या हाळीचं काय झालं, हा आजचा प्रश्न.

आता १८१० मध्ये जाऊ. स्पेनचा राजा फर्नांदो सातवा नेपोलियनच्या कैदेत, गादीवर नेपोलियनचा भाऊ. राजाच नाही, तर मेक्सिकोत राज्य कोणाच्या नावाने चालवायचं? हा वाद दोन वर्षं धुमसत होता. एका बाजूला स्पेनमध्ये जन्मलेले अधिकारी आणि व्यापारी, ज्यांना लोक हिणवून ‘गाचुपिन’ म्हणत. दुसऱ्या बाजूला क्रिओयो, म्हणजे स्पॅनिश वंशाचे पण जन्म मेक्सिकोतला. पैसा असला तरी वरच्या जागा त्यांना सहसा मिळत नसत. आणि या दोघांच्या खाली मूळनिवासी, मिश्र वंशाचे आणि आफ्रिकी वंशाचे लाखो लोक. मूळनिवाशांवर तर वेगळा कर होता. त्यात १८०९ चा दुष्काळ, मक्याचे भाव कडाडलेले.

केरेतारो शहरात क्रिओयो मंडळींचा एक कट शिजत होता. इग्नासियो आयेंदे आणि हुआन आल्दामा हे लष्करी अधिकारी त्यात होते, आणि दोलोरेस गावचे पाद्री मिगेल इदाल्गो. हे इदाल्गो मोठे गमतीचे गृहस्थ. एकेकाळी महाविद्यालयाचे प्रमुख, फ्रेंच वाचणारे, मोलिएरची नाटकं बसवणारे. दोलोरेसमध्ये त्यांनी कुंभारकाम, रेशमाचे किडे, द्राक्षांचे वेल, मधमाश्या असे उद्योग लोकांना शिकवायला घेतले होते.

कट फुटला. केरेतारोच्या प्रमुख अधिकाऱ्याची पत्नी होसेफा ओर्तिस कटात सामील होती. नवऱ्याने तिला खोलीत कोंडलं, तर तिने जमिनीवर टाच आपटून तुरुंगाच्या रखवालदाराला बोलावलं आणि त्याच्याकरवी निरोप धाडला. निरोप १६ सप्टेंबरच्या पहाटेपूर्वी दोलोरेसला पोचला. वार रविवार. गावोगावचे लोक प्रार्थनेला येणारच होते. इदाल्गोंनी तुरुंगातले कैदी सोडवले, घंटा वाजवली आणि जमलेल्यांपुढे बोलले.

काय बोलले? इथेच ग्रंथवाचकाचे कान टवकारतात. त्या भाषणाची नोंद कोणी तेव्हाच्या तेव्हा करून ठेवलेली नाही. पुढच्या साक्षी आणि आठवणी आहेत, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. पण त्यांचा गाभा साधारण असा दिसतो: ग्वादालुपेची माता अमर राहो, राजा फर्नांदो अमर राहो, अमेरिका अमर राहो, आणि वाईट राजवट मरो, गाचुपिन मरोत. बघा, यात ‘मेक्सिकोचं स्वातंत्र्य’ हा शब्दच नाही, उलट राजाचा जयजयकार आहे. आणि दुसरी गोष्ट, हाळीला दोन अंगं आहेत. एक ‘अमर राहो’चं आणि एक ‘मरो’चं. हे दुसरं अंग लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

त्याच दिवशी आतोतोनिल्कोच्या देवळातून इदाल्गोंनी ग्वादालुपेच्या मातेचं चित्र घेतलं आणि ते निशाण झालं. लोक वाढत गेले. हातात विळे, काठ्या, गोफणी. २८ सप्टेंबरला हा लोंढा ग्वानाहुआतो या चांदीच्या खाणींच्या शहरात शिरला. स्पॅनिश लोक आपल्या पैशासकट आलोंदिगा नावाच्या इमारतीत जाऊन बसले होते. ही आलोंदिगा म्हणजे सरकारी धान्यकोठार. दुष्काळातून आलेल्या माणसांनी धान्यकोठारावर हल्ला करावा, यात काय ते समजावं. दार जाळून लोक आत घुसले आणि शेकडो माणसं मारली गेली. शरण आलेलेही सुटले नाहीत. शहराचा प्रमुख रियान्यो हा इदाल्गोंचा जुना स्नेही, तोही त्यात गेला.

सणाच्या भाषणांत या कोठाराचा उल्लेख येतो तो एल पिपिला नावाच्या खाणकामगारामुळे. पाठीवर दगडाची लादी घेऊन त्याने दाराला आग लावली, अशी कथा आहे. शौर्य येतं, कत्तल येत नाही. आमचं मत असं की ही कत्तल लपवून या दिवसाचा मान वाढत नाही. लोकांच्या रागाला तोंड फुटलं, तर तो राग निवडून निवडून मारत नाही. हाळी देणाऱ्याला ते आवरता आलं नाही. हे ज्याला मान्य करता येत नाही, त्याने १६ सप्टेंबर साजरा करताना अर्धंच वाचलंय.

पुढची हकीकत थोडक्यात. ऑक्टोबरअखेर इदाल्गो राजधानीच्या दारात पोचले आणि मागे फिरले. ग्वादालाहारात त्यांनी गुलामगिरी रद्द केल्याचा आणि मूळनिवाशांवरचा कर उठवल्याचा हुकूम काढला. जानेवारी १८११ मध्ये काल्देरोनच्या पुलावर फौजेची दाणादाण उडाली, मार्चमध्ये पुढारी पकडले गेले, ३० जुलैला चिवावा शहरात इदाल्गोंना गोळ्या घातल्या. इदाल्गो, आयेंदे, आल्दामा आणि हिमेनेस या चौघांची मुंडकी लोखंडी पिंजऱ्यांत घालून त्याच धान्यकोठाराच्या चार कोपऱ्यांना टांगली. ती जवळजवळ दहा वर्षं तिथे होती.

आता सण कुठून आला ते पाहू. मुंडकी टांगलेली असतानाच आला. १६ सप्टेंबर १८१२ ला उइचापान या गावात इग्नासियो लोपेस रायोन या पुढाऱ्याने, लढाई चालू असताना, पहिला वाढदिवस म्हणावा असा साजरा केला. दुसऱ्या वर्षी होसे मारिया मोरेलोस यांनी चिल्पान्सिंगोच्या सभेपुढे देशाच्या घडणीची २३ कलमं ठेवली. शेवटच्या कलमात म्हटलंय की दरवर्षी १६ सप्टेंबर पाळावा आणि इदाल्गो व आयेंदे यांचं स्मरण करावं. म्हणजे हा दिवस विजेत्यांनी निवडलेला नाही. हरत असलेल्या, पळत असलेल्या माणसांनी निवडलेला आहे. मोरेलोसना १८१५ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या.

मग स्वातंत्र्य मिळवलं कोणी? आगुस्तिन दे इतुर्बिदे याने. हा क्रिओयो अधिकारी, बरीच वर्षं बंडखोरांना निर्दयपणे चिरडणारा. १८२० मध्ये स्पेनमध्ये उदारमतवादी सत्तेवर आले तेव्हा मेक्सिकोतले धर्मगुरू आणि जमीनदार घाबरले, आणि त्यांना स्वातंत्र्य सोयीचं वाटू लागलं. फेब्रुवारी १८२१ मध्ये इतुर्बिदेने शिल्लक राहिलेले बंडखोर नेते विसेन्ते गेरेरो यांच्याशी हातमिळवणी करून तीन हमींची योजना मांडली: धर्म, स्वातंत्र्य, एकी. २७ सप्टेंबरला, जो त्याचा वाढदिवसही होता, तो फौजेसह राजधानीत शिरला. रक्त फारसं सांडलं नाही, आणि फारसं काही बदललंही नाही. जमिनी ज्यांच्या होत्या त्यांच्याच राहिल्या. पुढच्या वर्षी हा गृहस्थ सम्राट झाला, त्याच्या पुढच्या वर्षी गादी सोडून गेला, आणि १८२४ मध्ये परत आला तेव्हा गोळ्या खाऊन मेला.

एकोणिसाव्या शतकभर हा वाद चालला: १६ की २७? नव्या देशाच्या संसदेने १८२२ मध्ये दोन्ही तारखांना मान दिला होता. लुकास आलामान या इतिहासकाराचा कल उघडपणे इतुर्बिदेकडे होता. आलोंदिगा पडली तेव्हा तो सतरा वर्षांचा मुलगा ग्वानाहुआतोतच होता, आणि त्याने डोळ्यांनी जे पाहिलं ते त्याच्या पाच खंडांच्या इतिहासातून कधी पुसलं गेलं नाही. समोर कार्लोस मारिया दे बुस्तामान्ते, मोरेलोसच्या बाजूने वावरलेला, वीरकथा भरभरून लिहिणारा. उदारमतवादी १६ चे, पुराणमतवादी २७ चे. उदारमतवादी जिंकले आणि इतुर्बिदे कॅलेंडरवरून गेला. राष्ट्रगीताच्या एका कडव्यात त्याचं नाव होतं, तेही १९४३ मध्ये अधिकृत पाठातून वगळलं.

पण पुसलेला माणूस पुरता जात नाही. हिरवा, पांढरा, लाल या झेंड्याचे रंग त्याच्या तीन हमींच्या फौजेचे. आणि सप्टेंबरात पुएब्लात घरोघरी होणारं चिलेस एन नोगादा पाहा: भरलेली हिरवी मिरची, वर अक्रोडाची पांढरी चटणी, तिच्यावर डाळिंबाचे लाल दाणे. ऑगस्ट १८२१ मध्ये इतुर्बिदेच्या नावाच्या संताच्या दिवशी पुएब्लाच्या जोगिणींनी त्याच्यासाठी ते केलं, अशी तिथली आख्यायिका. म्हणजे दिवस इदाल्गोंचा, झेंडा आणि ताट इतुर्बिदेचं. स्वयंपाकघराने जे सांभाळलं ते कॅलेंडरने टाकलं.

आता सत्तेकडे वळू. तारीख बंडखोरांची असली तरी ती प्रत्येक राजवटीला हवीशी वाटली. सगळ्यात नवल माक्सिमिलियनचं. फ्रेंच संगिनींच्या जोरावर मेक्सिकोच्या गादीवर बसवलेला हा ऑस्ट्रियाचा राजपुत्र १८६४ मध्ये थेट दोलोरेसला गेला आणि इदाल्गोंच्या घराच्या खिडकीतून त्याने हाळी दिली. परक्या सत्तेविरुद्धची हाळी, परक्या सम्राटाच्या तोंडून! पुढे पोर्फिरियो दियास. त्यांनी १८९६ मध्ये दोलोरेसची घंटा राजधानीत आणवली आणि प्रासादाच्या सज्जावर टांगली. १५ सप्टेंबर हा दियास यांचा वाढदिवस, म्हणून त्यांनीच सोहळा आदल्या रात्री ओढला असं लोक सांगतात. ते खरं नाही, १५ च्या रात्रीचा सोहळा त्यांच्या आधीपासून होता. पण लोकांना ते खरं वाटतं, याला अर्थ आहे. सत्ताधारी सण स्वतःच्या अंगाला बेतून घेतात, हे लोकांनी ओळखलेलं असतं. १९१० ची शताब्दी दियास यांनी थाटात केली, स्वातंत्र्याचा स्तंभ उभा केला, आणि दोनच महिन्यांनी त्यांच्याविरुद्ध क्रांतीचा भडका उडाला.

सज्जातून म्हटली जाणारी नावांची यादीही स्थिर नाही. १९७० च्या दशकात अध्यक्ष एचेवेरिया यांनी तिसऱ्या जगातल्या देशांचा जयजयकार जोडला. २०२५ मध्ये क्लाउदिया शाइनबाउम या पहिल्या महिला अध्यक्षांनी सज्जातून हाळी दिली, तेव्हा होसेफाचं नाव नवऱ्याच्या आडनावाशिवाय, तिच्या माहेरच्या आडनावाने घेतलं. हा बदल आम्हांला मोलाचा वाटतो. दोनशे वर्षं ती ‘अमक्याची बायको’ म्हणून त्या यादीत उभी होती.

पण आता ते दुसरं अंग. मूळ हाळीत ‘वाईट राजवट मरो’ होतं. आज सज्जातून ते येत नाही. येणार कसं? सरकारच्या सज्जातून सरकारनेच ‘वाईट सरकार मरो’ म्हणायचं? लोपेस ओब्रादोर यांनी अलीकडे भ्रष्टाचार मरो, वर्णद्वेष मरो अशी भर घातली. ऐकायला बरं वाटतं, पण मारायला सांगितलं ते दुर्गुणांना, राजवटीला नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. राज्याने या हाळीचं एक फुप्फुस ठेवलं आणि दुसरं काढून घेतलं. सरकारविरुद्ध दिलेली हाक सरकारी समारंभ झाली, आणि लोकांच्या वाट्याला फक्त ‘विवा’ म्हणणं उरलं.

ते दुसरं अंग मेलं मात्र नाही. ते स्थानिक सणांत सापडतं. गेरेरो राज्याच्या किनारपट्टीवर, कोस्ता चिका भागात, आफ्रिकी वंशाच्या लोकांचं सान निकोलास नावाचं गाव आहे. तिथे सप्टेंबरात एका मुलीला मूळनिवासी पोशाखात सजवून ‘ला आमेरिका’ करतात. गावातली माणसं काही तिच्या बाजूने, काही गाचुपिनांच्या बाजूने, आणि दोन्ही बाजूंची लुटुपुटीची लढाई होते. तिथे नुसता जयजयकार नाही, भांडण आहे. शिवाय या लोकांचं या दिवसाशी नातं वेगळंच आहे. विसेन्ते गेरेरो स्वतः आफ्रिकी रक्ताचे, आणि अध्यक्ष असताना त्यांनी १५ सप्टेंबर १८२९ ला, मुद्दाम या सणाच्या मुहूर्तावर, गुलामगिरी बंद करण्याचा हुकूम काढला. राजधानीच्या सज्जात गेरेरो हे यादीतलं एक नाव आहे. किनाऱ्यावर ते घरचं माणूस आहे.

दुसरं उदाहरण १९६८ चं. विद्यार्थी आंदोलन पेटलेलं. १५ सप्टेंबरच्या रात्री राष्ट्रीय विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांनी स्वतःचा ग्रितो केला आणि प्राध्यापक एबेर्तो कास्तियो यांनी हाळी दिली. तीनच दिवसांनी लष्कर विद्यापीठात घुसलं. २ ऑक्टोबरला त्लातेलोल्कोच्या चौकात गोळीबार झाला. कास्तियोंना पुढच्या वर्षी अटक झाली. एका प्राध्यापकाने सणाची हाळी दिली तर ती सरकारला इतकी टोचावी, याचाच अर्थ ती हाळी अजून जिवंत होती.

आणि एक काळी बाजू. २००८ च्या ग्रितोच्या वेळी मोरेलिया शहरात, मोरेलोसच्या जन्मगावी, गर्दीत हातबॉम्ब फेकले गेले. आठ माणसं गेली, शंभरावर जखमी झाली. २०२४ मध्ये कुलियाकानला टोळीयुद्धामुळे जाहीर सोहळाच रद्द करावा लागला. जिथे नागरिकांना रात्री चौकात जमता येत नाही, तिथे नगराध्यक्षाने रिकाम्या चौकाला ‘स्वातंत्र्य अमर राहो’ सांगायचं तरी कसं? वाईट राजवट म्हणजे काय, हा प्रश्न तिथल्या लोकांना इतिहासाचा वाटत नाही.

आता निकालाकडे येऊ. मेक्सिकोने १६ तारीख निवडली ते बरं केलं, असं आमचं मत. २७ हा तडजोडीचा दिवस होता. त्यात श्रीमंतांना जे हवं ते मिळालं आणि हिशेब मिटला. १६ चा हिशेब मिटलेला नाही. कर, गुलामी, मक्याचा भाव, वाईट राजवट, हे सगळं त्या हाळीत उघडं आहे, आणि त्याबरोबर आलोंदिगाची कत्तलही आहे. असा दिवस पाळायचा तर पूर्ण पाळावा. सज्जातून अर्धी हाळी येते. उरलेली अर्धी कोस्ता चिकाच्या गल्लीतून आणि विद्यापीठाच्या पटांगणातून येते. म्हणून या सणाबद्दल वाचायचं असेल, तर सोकालोची रोषणाई पाहून थांबू नका. एखाद्या लहान गावातली १५ ची रात्र पाहा, आणि तिथे लोक कोणाला ‘अमर राहो’ म्हणतायत याच्याबरोबर, त्यांना कोणाला ‘मरो’ म्हणायचंय, तेही ऐका.